कुठून आलं?

कवळीवाल्यांच्या देशात सुरुवातीला मीठ होतं, गाढवं होती आणि वारा होता. राजधानी म्हणावी असं एक गाव होतं, त्यात एक टपाल कचेरी होती आणि ती दुपारी बंद असायची. आज त्याच देशाकडे रेल्वे आहे, बंदर आहे, मीठ शुद्ध करायचे कारखाने आहेत आणि एक युद्धनौका आहे, जी थोडी डावीकडे कलते. ती कलते हे कवळीवाल्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. त्यांच्यावर कोणी सक्ती केली नव्हती.

हा देश नकाशात शोधू नका. तो इंटरनेटवरच्या एका फोरमवर आहे. तिथे पंचवीस-तीस हौशी माणसं जमतात, प्रत्येकाने एकेक देश घेतलेला असतो, तसा हा कवळीवाले नावाच्या एका गृहस्थांनी घेतलेला, आणि सगळे मिळून त्या देशांची गोष्ट लिहितात. कोणी तह करतं, कोणी धरण बांधतं, कोणी शेजाऱ्याशी उगाच भांडण उकरून काढतं. फासे नाहीत, सोंगट्या नाहीत, गुण नाहीत, नुसतं लिहायचं. आणि नुसतं लिहायचं म्हटल्यावर साहजिकच पहिल्याच दिवशी प्रत्येकाला महासत्ता व्हायचं असतं.

त्यावर तिथल्या जुन्या मंडळींनी एक रिवाज पाडला आहे. कोणी नवी ताकद जाहीर केली, की आठवडाभर ती टांगणीला राहते. त्या मुदतीत कोणीही दोनच शब्द लिहून विचारू शकतो: कुठून आलं? मग ज्याने रणगाडे आणलेत त्याने दाखवून द्यायचं, की लोखंड आधीच्या कुठल्या भागात सापडलं होतं, कारखाना कधी उभा राहिला, कामगार कोणी शिकवले. शिवाय त्या ताकदीची एक उणी बाजू स्वतःच्या तोंडाने सांगायची, कारण बिनदोष ताकदीवर तिथे कोणी विश्वास ठेवत नाही. उत्तर पटलं, की विचारणाऱ्याने खाली 'मान्य' असं लिहायचं. ते लिहावंच लागतं. पटलेलं असूनही मान्य न म्हणणारा माणूस त्या जगात सगळ्यात हलका समजला जातो.

हा प्रश्न विचारण्यात कवळीवाल्यांचा हात कोणी धरू शकत नव्हतं. फोरमवर त्यांना सगळे 'कुठूनकाका' म्हणत. उत्तरेच्या एका सम्राटाने एकदा रातोरात पाणबुड्यांचा ताफा उभा केला. बाकीचे घाबरून तहाची बोलणी करायला लागले. कुठूनकाकांनी शांतपणे विचारलं, की तुमच्या साम्राज्याला समुद्र नाही, तर त्या पाणबुड्या सध्या ठेवल्या कुठे आहेत? सम्राटाला तोंड लपवायला जागा उरली नाही. त्याने पुढचे कित्येक महिने शेजाऱ्याची मनधरणी करून एक किनारा मिळवला, त्यावर गोदी बांधली आणि मग एक पाणबुडी आणली, एकच. कुठूनकाकांनी तिला मोठ्या मनाने 'मान्य' दिलं. तो सम्राट आता त्यांना सणावाराला शुभेच्छा पाठवतो.

घरातल्या माणसांनाही त्यांनी सोडलं नव्हतं. खरं तर ह्या खेळात त्यांना आणलं त्यांच्या मुलीनेच. ती तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्गात होती आणि तिने मोठ्या हौसेने एक डोंगराळ देश घेऊन त्याला झकास विमानदल दिलं होतं. बाबा खेळात आले, त्यांनी आठवडाभर सगळं वाचून काढलं आणि पहिलाच प्रश्न पोटच्या पोरीला टाकला: कुठून आलं? तिच्या देशात सपाट जमीनच नव्हती, धावपट्टी कुठे करणार? मुलीने खेळ सोडला आणि बरेच दिवस बापाशी अबोला धरला. कवळीवाल्यांना वाईट वाटलं, पण नियम म्हणजे नियम. आता ती कॉलेजात जाते, आणि विमानदलाचा विषय निघाला की अजून तिचा आवाज चढतो.

एवढा दरारा असलेला हा माणूस दिवसभर काय करायचा, तर दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करायचा. लॅब एका औषधाच्या दुकानाच्या वर होती. जिना अरुंद, खोली लांबट, मधोमध टेबलांची रांग आणि सगळ्यावर प्लास्टरची पांढरी भुकटी. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवायचे. त्यात प्लास्टर ओतून जबडा काढायचा, त्यावर मेणाची हिरडी चढवायची, मेणात एकेक दात बसवायचा, वरचा-खालचा जबडा बिजागरीवर मिटून बघायचा, आणि सगळं जुळलं की मेणाच्या जागी गुलाबी ॲक्रिलिक भरायचं. वर्षानुवर्षं कवळीवाल्यांनी लोकांच्या तोंडात दात घातले, पण त्यातलं एकही तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांच्या कवळीने जेवणारी, हसणारी, भांडणारी माणसं ह्याच गावात कुठेतरी फिरत असणार, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

लॅबमध्ये त्यांची सत्ता कुठवर चालायची? त्यांच्या टेबलाच्या कडेपर्यंत. तिथून पुढे पॉलिशवाल्याचं राज्य सुरू व्हायचं. पॉलिशवाला वयाने लहान, पण पंख्याचं बटण त्याच्या हाताशी, त्यामुळे उन्हाळा-हिवाळा तो म्हणेल तेव्हा. कवळीवाल्यांना घाम फुटायचा, पण 'जरा पंखा लाव रे' हे चार शब्द त्यांच्या तोंडातून निघत नसत. फोरमवर सम्राटाची बोबडी वळवणारा माणूस लॅबमध्ये टिपकागदाने मान पुसत बसायचा.

अशात लॅबचे प्रमुख निवृत्त झाले आणि त्यांची जागा बरेच महिने रिकामी राहिली. लॅबच्या मालकीणबाई स्वतः दातांच्या डॉक्टर, खालच्या गल्लीत त्यांचा दवाखाना. सगळे त्यांना मॅडम म्हणत. प्रमुखाची खुर्ची खिडकीपाशी होती, टेबलावर फोन होता, आणि कुठलं काम कोणाकडे द्यायचं हे तिथे ठरायचं. ती खुर्ची कोणाला मिळणार ह्याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती. कवळीवाले सगळ्यात जुने. त्यांना ती खुर्ची हवीही होती, आणि नुसती हवी नव्हती तर फार हवी होती. जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले, की ते त्या खुर्चीकडे बघत डबा खायचे.

"मग मॅडमना जाऊन सांगा की, मला ही जागा हवी म्हणून," त्यांची बायको म्हणाली. ती मोटार चालवायला शिकवते. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं आणि त्याने वेंधळेपणा केला की आपल्या पायाखालचा ब्रेक दाबायचा, हा तिचा रोजचा धंदा. त्यामुळे समोरचा माणूस कुठे जाऊन आपटणार हे तिला सगळ्यांच्या आधी कळतं.

"असं एकदम जाऊन मागायचं?" कवळीवाले म्हणाले. "त्याला आधी काही पाया नको?"

"बावीस वर्षं काय करत होतात मग?"

"ती नोकरी झाली. हे वेगळं आहे. ते पटलं पाहिजे."

आणि त्यांनी खरोखर पाया घालायला घेतला. मिठागरांच्या देशाला रेल्वे मिळवून देताना जी चिकाटी दाखवली होती, तीच आता त्यांनी लॅबमध्ये लावली. आधी शेजाऱ्याशी संबंध सुधारायचे, म्हणून पॉलिशवाल्याला आपली उजेडाची जागा देऊन टाकली. (पंखा त्याच्याचकडे राहिला. तहात सगळंच मिळत नाही.) मग दळणवळण. डॉक्टरांकडून आलेली मापं इकडेतिकडे पडून असायची आणि कोणाचा जबडा कोणाचा ह्यावरून घोळ व्हायचा. त्यांनी घरून फळ्या आणून मांडणी केली आणि प्रत्येक डॉक्टरला एक खण दिला. दवाखान्यांतून मापं ने-आण करणाऱ्या पोऱ्यांच्या पाळ्या लावल्या. कवळी टोचते म्हणून परत यायची, तेव्हा कोणाच्या हातून काय चुकलं ह्यावर आरडाओरडा व्हायचा. तो थांबवून ते स्वतःच घासून द्यायला लागले. हे सगळं त्यांनी इतक्या हळूहळू केलं, की कोणाच्या लक्षातही येऊ नये.

मुलीच्या आलं. "बाबा, तू लॅबमध्ये देश चालवतोयस का?" तिने विचारलं.

"उगाच काहीतरी बोलू नकोस," ते म्हणाले, पण मनातून खूश झाले.

मॅडमच्याही लक्षात आलं. काम वेळेत निघायला लागलं होतं, डॉक्टरांच्या तक्रारी कमी झाल्या होत्या. एका सकाळी त्यांनी कवळीवाल्यांना दवाखान्यात बोलावून घेतलं, पेशंटच्या आडव्या खुर्चीवर बसायला सांगितलं, कारण दुसरी खुर्ची नव्हती, आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"लॅबची जबाबदारी घ्याल का? जमेल ना तुम्हाला?"

कवळीवाल्यांच्या छातीत आनंद मावेना. इतक्या महिन्यांची मेहनत फळाला आली होती. न मागता, न ओरडता, एकेक वीट रचून त्यांनी ही वेळ आणली होती. आता फक्त रीतसर दावा मांडायचा राहिला होता, आणि दावा कसा मांडायचा हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं?

"मॅडम," ते म्हणाले, "काम मला सगळं येतं. पण उणी बाजूही सांगायला हवी."

"म्हणजे?"

"संध्याकाळच्या उजेडात दातांच्या पिवळ्यातल्या दोन छटा मला सारख्याच दिसतात. माणसांवर आवाज चढवायला मला जमत नाही. फोनवर डॉक्टर रागावले की मी अडखळतो. काम नीट व्हावं म्हणून मी कधीकधी तारीख पुढे ढकलतो." इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण आडव्या खुर्चीत पाठ टेकून, समोर लख्ख दिवा, अशा वेळी माणूस मोकळा होतो म्हणतात ते खोटं नाही. "आणि खरं सांगायचं तर, प्रमुख म्हणून लोक माझं ऐकतीलच असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही."

मॅडमनी समोरचा दिवा बंद केला. मग म्हणाल्या, "तुम्ही इतकं स्पष्ट बोललात, बरं वाटलं."

कवळीवाले जिना चढून लॅबमध्ये आले ते तरंगतच. इतका प्रामाणिक, इतका विश्वास बसण्याजोगा दावा त्यांनी फोरमवरसुद्धा कधी केला नव्हता. तिथे असता तर सगळ्यांनी उठून 'मान्य' लिहिलं असतं. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी बायकोला शब्दन् शब्द सांगितला. ती भाजी चिरत होती. पिवळ्या छटांपर्यंत ती ऐकत राहिली. आवाज चढवण्याशी आल्यावर तिने सुरी ठेवली. 'लोक माझं ऐकतीलच असं नाही' हे ऐकलं तेव्हा तिचा उजवा पाय आपोआप जमिनीवर जोरात दाबला गेला. पण त्या गाडीला तिच्या बाजूने ब्रेक नव्हता.

पुढच्याच आठवड्यात मॅडम लॅबमध्ये आल्या. सोबत त्यांचा भाचा होता. भाचा तसा लॅबमध्येच होता. वर्ष झालं नव्हतं त्याला येऊन. कानात इअरफोन घालून मेण तापवायचा, वागायला बरा होता, काम ठीकठाक करायचा. मॅडम म्हणाल्या, की आजपासून लॅबचं सगळं हा बघेल. भाच्याने खिशातून हात बाहेर काढून नमस्कारासारखं काहीतरी केलं. पॉलिशवाल्याने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या.

"कोणाला काही विचारायचंय?" मॅडमनी विचारलं.

कवळीवाल्यांचा हात वर गेला. सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. ते दोन शब्द त्यांच्या जिभेवर तयार होते. आयुष्यात कितीदा त्यांनी ते लिहिले असतील, सम्राटांना, सेनापतींना, स्वतःच्या मुलीला.

"चहाची वेळ तीच राहील ना?" त्यांनी विचारलं.

"राहील की, काका," भाचा म्हणाला.

"दुसरं काय होणार होतं?" घरी बायको म्हणाली. "भाचा आहे तो. घरातला माणूस. तुम्ही फळ्या ठोकत बसा." तिला नवऱ्याचा राग आला होता आणि त्याहून जास्त त्याची कीव आली होती, म्हणून ती फार बोलली नाही.

कवळीवाले हातपाय धुऊन कॉम्प्युटरसमोर बसले. फोरमवर एक नवा खेळाडू आला होता, बहुधा कोणी पोरसवदा. त्याने एक बेट घेतलं होतं आणि भीतभीत एक दीपस्तंभ बांधला होता. बस, एवढंच. कुठूनकाकांनी विचारलं: कुठून आलं? त्याने दगडाची खाण दाखवली. गवंडी कुठून आले? त्याने गवंडीही दाखवले. दिव्याला तेल कुठून आलं? तुमच्या बेटावर तेलबिया पिकतात ह्याचा उल्लेख कुठे आहे? थोड्या वेळाने किनारा कमावलेल्या त्या उत्तरेच्या सम्राटाने खाली लिहिलं: कुठूनकाका, दिवाच आहे तो.

मुलगी मागे उभी राहून वाचत होती. "शाब्बास," ती म्हणाली. "आता त्याचा दिवापण विझव."

"नियम आहे तो."

"मग मॅडमना विचार ना. आज समोर उभ्या होत्या, 'विचारा' असंसुद्धा म्हणाल्या."

"तिथे तसं चालत नाही."

"माझ्या विमानांच्या वेळी चाललं की. माझी तुला भीती नव्हती, बाबा. ह्या दिव्यावाल्याचीपण नाही. ज्याची भीती वाटते त्याला तू चहाची वेळ विचारतोस."

चहाचं तिला आईने सांगितलं असणार. कवळीवाल्यांना लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत. त्यांनी दीपस्तंभाखाली 'मान्य, आणि माफ करा' असं लिहिलं आणि कॉम्प्युटर बंद केला.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये न जाता ते आधी दवाखान्यात गेले. मॅडम हातमोजे चढवत होत्या. कवळीवाले ह्या वेळी आडव्या खुर्चीत बसले नाहीत. उभेच राहिले, आणि एका हाताने खुर्चीचा दांडा धरला.

"मॅडम, एक विचारायचंय. लॅबचं प्रमुखपद भाच्याला दिलंत, ते त्याला कुठून आलं?"

प्रश्न विचारून झाला होता. छत कोसळलं नाही, की मॅडमनी पोलिसांना बोलावलं नाही. हातमोजा अर्धवट राहिला, एवढंच.

"तुमच्याकडून," त्या म्हणाल्या.

"माझ्याकडून?"

"अहो, मी तुम्हालाच पहिलं विचारलं होतं. तुमचंच ठरलं होतं माझ्या मनात, दारावरची पाटी करायलाही सांगितली होती. पण तुम्हीच म्हणालात, छटा ओळखता येत नाहीत, ओरडता येत नाही, डॉक्टरांशी बोलता येत नाही, तारखा पाळता येत नाहीत, लोक ऐकणार नाहीत. तुमच्यासारखा कधी खोटं न बोलणारा माणूस एवढं सगळं सांगतो, ते मी काय थट्टा समजू? मला वाटलं, नको म्हणायची तुमची ही पद्धत आहे. म्हणून मग त्याला विचारलं."

"तो काय म्हणाला?"

"जमेल की, म्हणाला."

"बस?"

"बस. मी दुसरं काही विचारलंच नव्हतं."

कवळीवाल्यांनी सवयीप्रमाणे त्या उत्तरात भोक शोधून पाहिलं, पण सापडलं नाही. आधी घडलेलं होतं. कारण होतं. साखळी कुठे तुटत नव्हती. एका देशाने स्वतःच्या तोंडाने आपला दुबळेपणा जाहीर केला, आणि रिकाम्या जागी शेजारी शिरला. वशिला नाही, कट नाही. असा चोख पुरावा फोरमवर वर्षातून एखादा यायचा. त्यांना वाटलं, काहीतरी बोलावं, दावा परत मांडावा, ह्या वेळी उणी बाजू वगळून. पण उत्तर पटलं होतं, आणि पटल्यावर काय म्हणायचं असतं ते एकच त्यांना येत होतं.

"मान्य," ते म्हणाले.

"काय?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही. कळलं."

जिना चढताना त्यांना स्वतःचा इतका संताप आला, की मधल्या वळणावर ते थोडा वेळ भिंतीला टेकून उभे राहिले. मग वर गेले. पंखा बंद होता. ते सरळ पॉलिशवाल्याच्या टेबलापर्यंत गेले, त्याच्या खांद्यावरून हात घातला आणि बटण दाबलं. पॉलिशवाल्याने वर पाहिलं आणि तो पुन्हा घासायला लागला. इतकं सोपं होतं ते.

दुपारी उशिरा भाचा खिडकीपाशी दोन दात हातात घेऊन उभा होता. नव्या कवळीसाठी रंग ठरवायचा होता आणि उजेड कमी होत चालला होता. त्याने दात डोळ्यांजवळ नेले, लांब धरले, मग इअरफोन काढून हाक मारली.

"काका, जरा बघता? ह्या दोन पिवळ्या मला नेहमीच सारख्या दिसतात."

"नेहमी?" कवळीवाल्यांनी विचारलं.

"पहिल्यापासून. का, तुम्हाला वेगळ्या दिसतात?"

"मॅडमना सांगितलंस का कधी?"

"त्यांनी कुठे विचारलं?" भाचा म्हणाला.